दीड वर्षाची लेक घेऊन अंदमानला: मुक्काम नेमका कुठे करायचा?

प्रश्न नाशिकच्या एका आईचा आहे. लेक १९ महिन्यांची. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सहा रात्रींसाठी अंदमानला चाललेत, सोबत सासू-सासरे आहेत. विमानाची तिकिटं झाली, गाडं हॉटेलांपाशी अडलंय. हॅवलॉक बेटावर राधानगर बीचला लागून असलेलं महागडं रिसॉर्ट घ्यावं की पाच नंबर बीचवरचं मध्यम दराचं? की सरळ नील बेटावर जावं, तिथे शांतता असते म्हणतात? आणि एजंट म्हणतो तशी तिन्ही बेटं करावीत का?

पुण्यातून अंदमानच्या सहली आखून देण्याचं काम मी गेली १४ वर्षं करते. त्याआधी स्वतःच्या मुलाला कडेवर घेऊन तिथे गेले होते आणि मुक्कामाच्या बाबतीत चुका करून आले होते. थेट उत्तर आधी देते. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मधल्या चार रात्री हॅवलॉकला पाच नंबर बीचवर, शेवटची रात्र परत पोर्ट ब्लेअर. राधानगरला एक दिवस जाऊन या, राहू नका. नील या खेपेला सोडा. आता कारणं सांगते, त्यातलं तुम्हाला जे लागू पडत नसेल ते खुशाल बाजूला ठेवा.

आधी नावांचा घोळ मिटवू. हॅवलॉकचं सरकारी नाव डिसेंबर २०१८ पासून स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरचं सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. बोटीच्या तिकिटावर एक नाव आणि हॉटेलच्या कागदावर दुसरं दिसलं तर घाबरू नका. टॅक्सीवाले अजून जुनीच नावं घेतात, मीही तीच वापरते.

हॅवलॉकला किनाऱ्यांना नंबर आहेत. बोट लागते ती जेट्टी एक नंबरला. तीन नंबर म्हणजे गोविंदनगर, बाजार तिथेच. पुढे पाच नंबर, विजयनगर. हे सगळं बेटाच्या पूर्व अंगाला, एकाच रस्त्यावर. सात नंबर म्हणजे राधानगर, ते बेटाच्या पलीकडे पश्चिमेला, जेट्टीपासून साधारण १२ किलोमीटर. फोटोत तुम्ही पाहता तो लांबच लांब पांढऱ्या वाळूचा, मागे उंच झाडांची भिंत असलेला किनारा राधानगरचा. २००४ मध्ये टाइम मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम बीच म्हटलं, २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. किनारा खरोखरच देखणा आहे, त्यात वाद नाही. प्रश्न तुमच्या लेकीचा आहे.

मोठी माणसं बीचवर जातात ती तीन-चार तासांच्या बोलीवर. दीड वर्षाचं मूल बीच तुकड्यातुकड्यांनी घेतं. सकाळी अर्धा-पाऊण तास, मग भूक. भूक भागली की परत वीस मिनिटं, मग डोळ्यांत वाळू आणि रडारड. अंघोळ, झोप. ऊन उतरलं की पुन्हा थोडा वेळ. दिवसातून असे चार-पाच तुकडे मिळाले तर त्याची सहल झक्क होते, पण त्यासाठी समुद्र दाराशी लागतो. गाडी करून जायचा किनारा कितीही प्रसिद्ध असला तरी तुमच्या वाट्याला दिवसातून एकदाच येणार, आणि नेमका त्याच वेळी लेकीचा मूड असेल याची खात्री कोण देणार?

त्यात अंदमानचं घड्याळ. बेटं पूर्वेला फार दूर, पण वेळ आपलीच भारतीय. जानेवारीत नाशिकला सूर्य सातनंतर उगवतो, तिथे पावणेसहाच्या सुमारास. मावळतो सव्वापाचला, आणि सहाच्या आत मिट्ट काळोख. ‘संध्याकाळी बीचवर जाऊ’ हे आपल्या डोक्यातलं वेळापत्रक तिथे चालतच नाही. लेक दुपारी एक ते साडेतीन झोपत असेल तर उठवून, खायला घालून, कपडे करून बाहेर पडेपर्यंत साडेचार वाजतात, आणि तोवर दिवस संपत आलेला असतो.

राधानगर म्हणजे सूर्यास्ताचा किनारा. पाच नंबरवरून तिथे जायला अर्धा तास धरा, रस्ता वळणावळणाचा. सूर्यास्त बघून सगळे एकदम निघतात, अंधार पडतो, टॅक्सीत बसल्यावर पाचव्या मिनिटाला मूल झोपतं. साडेपाच-पावणेसहाची झोप! हॉटेलवर पोहोचल्यावर ते टक्क जागं होतं, ते रात्री अकरापर्यंत. ज्या आयांनी हे एकदा भोगलंय त्यांना अधिक सांगायला नको. म्हणून राधानगरचा एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी झोप सकाळीच उरकून घ्या. किंवा मी सुचवते तसं उलटं करा: सकाळी साडेसहाला निघा, सातला वाळूवर, नऊला परत. सूर्यास्त मिळणार नाही, पण किनारा जवळजवळ रिकामा मिळेल आणि ऊन कोवळं असेल. सासू-सासऱ्यांना सूर्यास्त हवाच असेल तर त्यांना वेगळी टॅक्सी करून द्या.

‘मग राधानगरलाच राहिलं तर हे सगळे प्रश्न सुटतात की!’ असं तुम्ही म्हणाल. निम्मे सुटतात. पण त्या बाजूला बाजार नाही, जेवणाचे पर्याय मोजके, आणि काही आणायचं झालं की पुन्हा १२ किलोमीटरचीच गोष्ट. शिवाय तिथलं पाणी उघड्या समुद्राचं. लाट येते आणि पायाखालची वाळू ओढून नेते. तुमच्या-माझ्यासाठी ती मजा आहे, १९ महिन्यांच्या पोरीला ती लाट छातीपर्यंत येते. दोन दिवस तिला हात धरून उभं ठेवण्यातच जातील. नवराबायको दोघंच असता तर मी राधानगरच सांगितलं असतं.

पाच नंबरचं पाणी उथळ आणि बहुतेक वेळ संथ. लेक घोटाभर पाण्यात फतकल मारून बसू शकेल, ओल्या वाळूत वाटीने खड्डे करू शकेल. तिला त्याहून जास्त काही नकोच असतं. मात्र या किनाऱ्याचं एक फसवं वागणं आहे ते आधीच सांगते, म्हणजे तिथे पोहोचून मला शिव्या घालणार नाही. ओहोटी लागली की पाणी लांबवर आत जातं आणि खाली खडक आणि मेलेलं प्रवाळ उघडं पडतं. ते धारदार असतं, अनवाणी पाय कापतो. हॉटेलच्या फोटोत निळंशार पाणी आणि प्रत्यक्षात समोर दगडांचं मैदान, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी येतं. फोटो खोटा नसतो, भरतीच्या वेळचा असतो.

तेव्हा जायच्या तारखांचं तिथल्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधीच काढून ठेवा, मोबाइलवर सहज मिळतं. आपल्याकडे कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, माझे सासरे अजून तसंच सांगतात. हा हिशेब अंदमानला लावू नका, तिथली वेळ वेगळी पडते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती आणि तितकीच खोल ओहोटी असते, हे मात्र दोन्हीकडे सारखंच. ज्या दिवशी सकाळी सात ते नऊ पाणी बऱ्यापैकी भरलेलं असेल ते दिवस हॉटेलसमोरच्या पाण्याचे, आणि ज्या दिवशी सकाळी ओहोटी असेल तो दिवस राधानगरचा. चार रात्रींत हे गणित आरामात बसतं. लेकीसाठी मऊ रबरी तळाचे, पायाला घट्ट बसणारे पाण्यातले बूट घ्या आणि ते नाशिकमध्येच दोन-चार दिवस घालून फिरवा, नाहीतर तिथे पायाला हातही लावू द्यायची नाही.

आता खोली. इथे लोक सर्वात जास्त चुकतात, मीही चुकले. माझा मुलगा २२ महिन्यांचा असताना आम्ही बांबूची, खांबांवर उभी केलेली झोपडी घेतली होती. दिसायला स्वर्ग. वर जायला पाच उघड्या पायऱ्या, कठडा नावापुरता, फळ्यांमधल्या फटींतून त्याचा चमचा, कंगवा आणि एक चप्पल खाली गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो बाथरूममध्ये शिरला आणि त्याने आतून खालची कडी सरकवली. आत तो, बाहेर आम्ही, आणि आतली बादली पाण्याने भरलेली. हॉटेलचा पोऱ्या मागून चढून झरोक्यातून आत उतरेपर्यंत सात-आठ मिनिटं गेली असतील. त्यानंतर मी कुठल्याही हॉटेलात शिरल्याबरोबर एक जाड टॉवेल बाथरूमच्या दारावर वरून टाकते, म्हणजे दार मिटतच नाही. आणि बादली कायम उपडी.

तेव्हा खोली तळमजल्याची, पक्क्या फरशीची घ्या, दारातून दोन पायऱ्यांपेक्षा जास्त उतरायला लागू नये. पलंग उंच असतील तर एक जादा गादी जमिनीवर मागा, ती बहुतेक ठिकाणी देतात. स्विमिंग पूल असेल तर त्याला कुंपण-फाटक आहे का ते विचारा, बहुतेकदा नसतं, मग पूलपासून लांबची खोली मागा. सासू-सासऱ्यांची खोली शेजारची हवी, ‘त्याच आवारात’ एवढ्यावर समाधान मानू नका. लेक झोपल्यावर ते तिच्यापाशी बसले तर तुम्हा दोघांना तासभर पाण्यात जाता येईल, एवढ्या एका कारणासाठी मी शेजारच्या खोलीचे जादा पैसे मोजीन.

हॉटेलच्या वेबसाइटवरच्या शब्दांवर जाऊ नका. ‘सी व्ह्यू’ म्हणजे नारळांच्या आडून दिसणारी निळी रेघही असू शकते. ‘बीच ॲक्सेस’ म्हणजे रस्ता ओलांडून, दुसऱ्याच्या वाडीतून जाणारी पायवाट. मी एकच गोष्ट करते. हॉटेलला फोन करून सांगते की अमुक खोलीच्या दारापासून पाण्यापर्यंत चालत जा आणि न थांबता व्हिडिओ काढून पाठवा. पायऱ्या, रस्ता, खड्डे, दगड सगळं त्यात येतं. जे हॉटेल दोन दिवसांत तो पाठवत नाही ते मी सोडून देते.

दुसरा फोन विजेचा. बेटावर वीज जाते-येते. जनरेटर आहे का, असं विचारलं तर उत्तर ‘हो’च येणार. विचारायचं असं: जनरेटरवर खोलीतला एसी चालतो की फक्त दिवा-पंखा? रात्री किती वाजेपर्यंत चालू ठेवता? जानेवारीत रात्री पंख्यावर भागतं, पण दुपारच्या झोपेला दमट हवेत मूल घामाघूम होऊन उठतं. पडदे जाड आहेत का तेही विचारा. पूर्वेकडची खोली असेल तर साडेपाचपासूनच उजाडायला लागतं, आणि लेक उजेडाने उठणारी असेल तर तुमचाही दिवस तिथूनच सुरू. खरं सांगायचं तर तसं झालेलं बरंच. सहा ते नऊ हीच तिथली सोन्याची वेळ.

तिसरा फोन स्वयंपाकघराचा. बऱ्याच हॉटेलांचं किचन दुपारी तीनला बंद होतं आणि रात्री सातला उघडतं. तुमची लेक तिथल्या अंधारामुळे साडेसहालाच पेंगायला लागेल. ‘संध्याकाळी सहाला मऊ भात आणि पातळ डाळ, तिखट न घालता, मिळेल का?’ असं स्पष्ट विचारा. हॅवलॉकची वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची, त्यामुळे खिचडी, डाळ-भात, बटाट्याची भाजी हे त्यांचं घरचंच जेवण आहे. मेन्यूत नसलं तरी मागितलं की प्रेमाने करून देतात. माशाच्या कालवणात मोहरीचा झणका असतो, तो मोठ्यांसाठी. दुधाचं मात्र बघून घ्या. बेटावरचा बराचसा माल मुख्य भूमीवरून जहाजाने येतो, लेकीला सवय असलेलंच दूध रोज मिळेल असं धरून चालू नका. तिची दुधाची पावडर, नाचणी सत्त्व आणि मेतकूट घरून न्या. खोलीत किटली आहे का ते विचारून ठेवा. किटलीतलं गरम पाणी आणि घरून नेलेला एक थर्मास यावर माझी अर्धी सहल निघाली होती.

आजारपणाचं विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. हॅवलॉकला सरकारी आरोग्य केंद्र आहे, साध्या तापा-जुलाबाला ते पुरतं. त्यापुढचं काही झालं तर पोर्ट ब्लेअरचं जी. बी. पंत रुग्णालय, म्हणजे बोटीने दीड ते अडीच तास, आणि प्रवासी बोटी रात्री नसतात. यात घाबरवायचा हेतू नाही. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून तापाचं औषध, ओआरएस, बोट लागू नये म्हणून काय द्यायचं ते, सगळं मात्रेसकट लिहून घ्या आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. बोटीत पुढच्या टोकाला जास्त हेलकावे बसतात, मधल्या-मागच्या जागा मागा. निघण्याआधी तासभर लेकीला पोटभर दूध देऊ नका, हे मी माझ्या एका पांढऱ्या कुडत्याच्या अनुभवावरून सांगते.

नीलबद्दल. छोटं, सपाट, भाजीच्या शेतांचं बेट आहे आणि मला स्वतःला हॅवलॉकपेक्षा आवडतं. जेट्टीजवळचा भरतपूर बीच लहान मुलांसाठी उत्तम, पाणी उथळ आणि अडोशाचं. फक्त दिवसा तिथे बोटींची आणि पाण्यातल्या खेळांची वर्दळ असते. लक्ष्मणपूरचा तो दगडी नैसर्गिक पूल ओहोटीतच बघता येतो, शेवाळलेल्या खडकांवरून चालत. कडेवर मूल घेऊन तिथे जाऊ नका, आजोबांनाही पाठवू नका. नीलला माझा नकार केवळ दिवसांमुळे आहे. सहा रात्रींत तिसरं बेट घातलं की आणखी एकदा सामान बांधणं, जेट्टीवरची रांग, बोट, नवी खोली. मोठ्यांचा यात अर्धा दिवस जातो, लेकीचा पुढचा दिवसही, कारण नव्या खोलीतल्या पहिल्या रात्री अशी मुलं नीट झोपत नाहीत. आठ रात्री असत्या तर दोन नीलला दिल्या असत्या.

बाराटांग बेटाचं कोणी सुचवेल. चुनखडीच्या गुहा, जारवा आदिवासींच्या जंगलातला रस्ता, पहाटे अंधारात निघून चौकीवर गाड्यांच्या ताफ्यासाठी थांबणं. सरळ नाही म्हणा. हॅवलॉकच्याच एलिफंट बीचला बहुतेक लोक स्पीडबोटीने जातात, ती लाटांवर आपटत जाते. तिथे तुम्ही दोघं आळीपाळीने जा, किंवा सकाळी आजी-आजोबांकडे लेक सोपवून दोघं मिळून.

पोर्ट ब्लेअरच्या दोन रात्रींसाठी समुद्राजवळच्या हॉटेलचा हट्ट धरू नका, अबर्डीन बाजाराच्या आसपास राहा. त्याचं कारण सेल्युलर जेल. नाशिकचं घर, त्यात सावरकरांचं भगूर हाकेच्या अंतरावर, सासरे ते बघितल्याशिवाय परतणार नाहीत, आणि परतूही नये. सावरकरांची कोठडी सर्वात वरच्या मजल्यावर टोकाला आहे, जिने चढून जावं लागतं. लेकीला बाबागाडीत न नेता पाठीवरच्या झोळीत न्या, आणि सकाळी उघडल्या उघडल्या जा. संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम काळोखात असतो, लहान मुलं तिथे हमखास रडतात आणि सगळे वळून बघतात. हॉटेल जवळ असलं की तिघं कार्यक्रमाला, एक जण खोलीत झोपलेल्या लेकीपाशी, असं सहज जमतं. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवाच. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

किनाऱ्यावरच्या तीन गोष्टी राहिल्या. पहिली, वाळूतल्या बारीक माश्या. दिसत नाहीत, चावतात, आणि दुसऱ्या दिवशी खाज सुटते. सकाळी-संध्याकाळी लेकीला पातळ सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, पायाला खोबरेल तेल, आणि वाळूवर बसवताना खाली जाड चादर. दुसरी, नारळाची झाडं. सावली म्हणून लोक मुलांना नेमके त्यांच्याच बुंध्याशी खेळवतात. आधी वर बघा. चांगली हॉटेलं नारळ वेळोवेळी उतरवून घेतात, ते विचारायला लाजू नका. तिसरी, मगरी. २०१० मध्ये राधानगरच्या बाजूच्या छोट्या खाडीत स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका पर्यटक बाईचा मगरीने जीव घेतला होता. म्हणून सूचनांचे फलक जिथे आहेत तिथे ते पाळायचे, जीवरक्षक सांगतील त्याच पट्ट्यात उतरायचं, आणि ओढ्याच्या तोंडाशी किंवा अंधार पडताना पाण्यात जायचं नाही.

आणि शंख-शिंपले. लेक उचलणारच. पाच नंबरवर सकाळी माझ्या मुलाने एक शंख मुठीत धरला होता, थोड्या वेळाने त्याने मूठ उघडली तर शंखातून पाय बाहेर येऊन तो तळहातावरून चालू लागला. आत खेकडा होता. त्याने तो टाकून दिला, रडला, आणि पुढचे तीन दिवस प्रत्येक शंखाला आधी ‘चाल’ म्हणायचा. खेळू द्या, पण निघताना बॅगा नीट झटकून घ्या. शंख, प्रवाळ तिथून बाहेर नेण्यावर बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. आमच्या बॅगेत, लंगोटांच्या पाकिटाखाली, पाच निघाले होते.